गोराईची गाडी, मंडईचा झुला

मी राहतो चोरखमाऱ्याला. तिरोडा तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असतं ते नागझिऱ्याच्या गेटमुळे. पहाटे जिप्सी लागतात, पर्यटक कानटोप्या घालून आत जातात आणि बाहेर येऊन वाघ दिसला की नाही ते सांगतात. अशा गावातला माणूस मुंबईच्या एका रोलर कोस्टरसाठी हळवा होतो, हे सांगायला जरा संकोचच वाटतो. पण १९८९ साली गोराईला सुरू झालेलं एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, आणि ती बातमी वाचून मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. शेवटी बायकोने विचारलं, "कोणी गेलं का जी?" काय सांगणार? त्यानंतर या हळवेपणाकडे मी थोडं निरखून पाहिलं. त्यातून हाती आलं ते असं.

१. आठवण त्या जागी जाण्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते. एस्सेल वर्ल्डची जाहिरात टीव्हीवर लागायची तेव्हा त्यातलं गाणं आमच्याकडच्या पोरांना तोंडपाठ होतं. गोराई नेमकी कुठे आहे, हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. गोंदिया जिल्हाच तेव्हा नव्हता; तो १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. गोंदियाहून मुंबई रेल्वेने जवळजवळ हजार किलोमीटर. बोरिवलीच्या मुलासाठी जे रविवारी जायचं ठिकाण होतं, ते आमच्यासाठी फक्त टीव्हीत होतं. मला वाटतं, म्हणूनच ते बंद झाल्याचं दुःख बोरिवलीकरापेक्षा मला जास्त झालं. त्याची एक सहल गेली, माझं पाठ केलेलं गाणं गेलं.

२. मजा फाटकावर सुरू होत नाही, वाटेवर सुरू होते. कामाच्या शोधात मी मुंबईला मामेभावाकडे राहिलो होतो. एका सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला, "चल, तुझं गाणं दाखवतो." लोकलने बोरिवली, तिथून खाडीचा धक्का, मग लाँच. मी तळ्यांच्या मुलखातला. आमच्या गावाला स्वतःचा तलाव आहे. पण खाऱ्या पाण्याचा तो वास, ती तिवरं आणि पलीकडे दिसणारा लोखंडी सांगाडा हे सगळं नवं होतं. लाँचमध्ये समोर एक बाई बसली होती. तिने पर्समधून सेफ्टी पिना काढल्या आणि दोन्ही मुलींच्या ओढण्या खांद्याला पक्क्या टोचल्या. मग स्वतःच्या पदराला एक, आणि उरलेली नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला, आतलं पाकीट पडू नये म्हणून. राइड्सची बरीचशी नावं आता मला आठवून पाहावी लागतात. त्या पिना आठवाव्या लागत नाहीत.

३. ज्या आवाजाने छाती धडधडते, तोच कधीकधी राखणदार असतो. गाडी पहिल्या चढावर निघाली की खालून खट्‌-खट्‌-खट्‌ असा आवाज यायचा. आता काहीतरी तुटणार, असंच वाटायचं. पुढे कधीतरी वाचनात आलं की डब्याखाली एक लोखंडी जीभ असते आणि ती रुळांमधल्या दात्यांवर पडत जाते. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये, एवढंच तिचं काम. म्हणजे त्या यंत्रात सगळ्यात सुरक्षित आवाज कोणता असेल, तर तोच. आणखी एक गंमत अशी की या गाडीला इंजिनच नसतं. साखळी एकदा वर नेऊन सोडते, पुढचा सारा खेळ त्या उंचीच्या पुण्याईवर. घर्षणात जोर वाया जातो, म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो. पन्नाशीतल्या माणसाला यावर बरंच तत्त्वज्ञान झाडता येईल. मी झाडत नाही, पण गुडघे दुखले की तो पहिला चढ आठवतो खरा.

४. आपण कशाला घाबरतो, हे आपल्यालाच नीट ठाऊक नसतं. आमच्या जंगलात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. मोहफुलं वेचायला आमची माणसं अंधारात निघतात तेव्हा अस्वलाच्या वाटेचा अंदाज घेत जातात, पण जातात. मीही गेलो आहे. गोराईला भावाने मला मुद्दाम शेवटच्या डब्यात बसवलं. पुढचे डबे उतारावर झेपावलेले असतात तेव्हा मागचा डबा अजून चढ संपवत असतो. पुढच्यांचं वजन त्याला माथ्यावरून हिसडून खाली खेचतं. तेवढ्या क्षणात अंग बाकड्यावर टेकतच नाही आणि पोट छातीपाशी येतं. अस्वलाच्या रानात गप्प चालणारा मी तिथे जिवाच्या आकांताने ओरडलो. रानातल्या भीतीवर काहीतरी इलाज असतो: झाड असतं, काठी असते, पळायला पाय असतात. इथे एक आडवा दांडा, आणि तो दुसऱ्या कुणीतरी लावलेला.

५. भाषा लपवता येते, किंकाळी लपवता येत नाही. मुंबईत मी फार जपून बोलायचो. "मले" तोंडात आलं की गिळून "मला" म्हणायचो, कुणी "गाव कोणतं?" विचारलं की नुसतं "नागपूरकडचं" सांगून मोकळा व्हायचो. त्या उतारावर माझ्या तोंडून निघालं ते "माय वं!" अगदी अस्सल, झाडीपट्टीतलं, धानाच्या बांधीत पायाला साप लागल्यावर निघेल तसं. गाडी थांबल्यावर मला वाटलं, आता सगळे वळून बघणार. कुणीही वळलं नाही. पुढचा गुजरातीत आईला हाक मारत होता, बाजूचा हिंदीत देवाला, आणि आमचे मामेभाऊ, पंधरा वर्षांचे पक्के मुंबईकर, तेही "माय वं"वरच आले होते. त्या शहरात मला घरच्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते तिथे.

६. मोठं काही पाहून आलेल्या माणसाला गाव जागेवर आणतं. परत आल्यावर मी हातवारे करून सगळं सांगितलं. चढ, उतार, वळण, सगळं. मोठ्या मायने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उतरला कोठी?" म्हटलं, जिथे बसलो तिथेच. "पैसे देऊन?" हो. "मंग गेला कोठी गा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, खरं सांगायचं तर अजूनही नाही. तिची मोजपट्टी मंडईची होती. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, आज या गावी तर उद्या त्या. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, लेकी-जावई येतात, रात्री दंडार नाहीतर वडशाच्या कंपनीचं नाटक. आणि एका कडेला झुला. पूर्वीचे लहान झुले हातानेच फिरवायचे. झुलेवाल्याची पोरं सांगाड्यावर सरसर चढायची आणि वरच्या दांड्याला लोंबकळून आपल्या वजनाने तो खाली आणायची. मोठी माय म्हणे, "झुल्यातून गाव तरी दिसते. तुह्या गाडीतून का दिसलं?" काहीच नाही. डोळे मिटलेले होते.

७. वेग किती होता, याचा आठवणीशी फारसा संबंध नाही. अमेरिकेत कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने १८८४ साली अशी गाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग तासाला जेमतेम दहा किलोमीटर होता. साधा सायकलवाला तिला मागे टाकेल. तरी लोक रांगा लावत. आमचा भाचा पुण्याला नोकरी करतो. खोपोलीचं इमॅजिका २०१३ ला सुरू झालं, तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरचा व्हिडिओ त्याने मला मोबाइलवर दाखवला आणि म्हणाला, "मामा, तुमचं एस्सेल वर्ल्ड यापुढे काहीच नाही." आकड्यांत तो बरोबर आहे. मी वाद घातला नाही. त्यालाही कधीतरी कुणीतरी असाच व्हिडिओ दाखवील.

८. कायमचं म्हणून बांधलेलं आधी जातं, मोडण्यासाठी उभारलेलं टिकून राहतं. हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ला सुरू झालं, २००८ ला बंद पडलं. कोनी आयलंडचा थंडरबोल्ट हा रोलर कोस्टर १९२५ चा. तो १९८२ ला थांबला, पुढे अठरा वर्षं नुसता गंजत उभा होता आणि २००० साली पाडला गेला. या सगळ्यांचे पाय सिमेंटमध्ये रोवलेले. मंडईचा झुला ट्रॉलीतून येतो, संध्याकाळपर्यंत उभा राहतो आणि मंडई उठली की नटबोल्ट पोत्यात भरून पुढच्या गावाला निघतो. तो मोडताना मी आजवर कुणाला हळहळताना पाहिलेलं नाही, कारण तो मोडणं म्हणजेच पुढे जाणं. करोनाच्या दिवाळीत तो आला नाही तेव्हा मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. नंतर तो आला. गोराईची गाडी तशी येऊ शकत नाही. तिला ट्रॉलीत भरायची सोयच नव्हती.

९. हळवेपणाला हिशेब विचारू नये, पण डोळे मात्र उघडे ठेवावेत. झुल्याचं मी एवढं कौतुक केलं, तरी आता नातीला बसवण्याआधी मी पाळण्याचा खिळा हलवून बघतो, झुलेवाल्याने दारू घेतली नाही ना ते पाहतो, जनरेटरची वायर कुठून गेली आहे ते पाहतो. नात म्हणते, "आजोबा, तुम्हीच बसा ना मग." मी बसतो. आता मात्र डोळे मिटत नाही. वरून तलाव दिसतो, कापणीला आलेलं धान दिसतं आणि त्यापलीकडे नागझिऱ्याचं जंगल काळं पडत चाललेलं दिसतं.

तुमचीही अशी एखादी बंद पडलेली गाडी, टॉकीज किंवा सर्कशीचं मैदान असेलच. त्याबद्दल बोलताना कुणी हसलं तर हसू द्या. आणि दिवाळीच्या सुट्टीत वाघ बघायला आमच्याकडे आलात, तर सफारी संपल्यावर लगेच नागपूरची वाट धरू नका. चहाच्या टपरीवर विचारा, आज मंडई कोणत्या गावी आहे म्हणून. कुणीही सांगेल. वाघाची खात्री नाही, झुल्याची आहे.