भरतीचा गोळा आणि दुखरा खांदा

प्रश्न : पोलीस भरतीसाठी रोज जोर, बेंचप्रेस आणि गोळाफेक करतो. उजवा खांदा पुढून दुखतो. सराव थांबवू का? – एक वाचक, मंठा (जि. जालना)

उत्तर : धावणे, बैठका चालू ठेवा, गोळा, जोर आणि बेंचप्रेस मात्र दुखणे शमेपर्यंत बंद. ७.२६० किलोचा गोळा, जोर, बेंचप्रेस या तिन्हींचा भार खांद्याच्या पुढच्या त्याच स्नायूंवर पडतो आणि रोजच्या सरावात ते सावरतच नाहीत. पुढे एकाच स्नायूगटाच्या दोन जड सत्रांत ४८ तास जाऊ द्या. ढकलण्याइतकेच ओढण्याचे व्यायामही हवेत, म्हणजे रोइंग. गोळ्याला खरा जोर पाय आणि कंबर देतात. किती होतकरू मुले नुसत्या हाताने फेकून खांदा गमावतात! वेदनाशामक घेऊन तर कधीच फेकू नका. रात्री ठणका लागत असेल किंवा हात वर जात नसेल, तर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.