खड्याची झळाळी कुठून येते?

आपल्या रानात, ओढ्याच्या पात्रात गारगोटी सापडते. पांढरी आणि टणक. आगपेटी नव्हती, तेव्हा लोक गारगोटीवर लोखंड मारून विस्तव पाडत. ही गारगोटी बहुधा दुधासारखी गढूळ असते. पण कधी कधी ती पाण्यासारखी स्वच्छ, आरपार दिसणारी मिळते. तिलाच आपण स्फटिक म्हणतो. देवघरात जपाची स्फटिकाची माळ असते, ती याची.

आता बाजारात चला. दुकानात रंगीबेरंगी खडे मांडलेले असतात. निळा, मोरपंखी, सोनेरी, जांभळा. हातात धरून जरा फिरवला की रंग बदलतो. दुकानदार सांगतो, "ताई, हा क्रिस्टल आहे." आपल्याला वाटते, क्रिस्टल म्हणजे स्फटिक. पण बाजारात हा एकच शब्द दोन वस्तूंना लावतात. एक, जमिनीतून निघालेला खरा स्फटिक. दुसरी, कारखान्यात केलेली उंची काच. दोन्हींवर धातूचा मुलामा चढवता येतो. मुलामा चढला की वरवर पाहून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळला नाही, तर घेणारी फसते. विकणारीचेही नाव जाते. म्हणून हा धडा.

काच आणि पैलू

काच कशाची होते? वाळू, सोडा आणि चुना भट्टीत एकत्र वितळवला की काच होते. काच आपल्याला परकी नाही. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांनी एकेक पैसा देऊन तो उभा केला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे कंदील घरोघर पोहोचले.

काचेत शिसे मिसळले तर ती अधिक चमकते. ही युक्ती सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने वापरात आणली. अशा चमकदार काचेला व्यापारी क्रिस्टल म्हणू लागले. नावाचा घोटाळा असा होतो.

नुसती काच फारशी झळकत नाही. तिला पैलू पाडावे लागतात. पैलू म्हणजे घासून केलेली सपाट, गुळगुळीत बाजू. उजेड एका पैलूतून आत शिरतो, आतल्या बाजूंवर आपटतो आणि परत डोळ्यांकडे येतो. त्यालाच आपण चमक म्हणतो. पूर्वी पैलू हाताने पाडत. १८९२ साली डॅनिएल स्वारोव्स्की याने पैलू पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८९५ साली त्याने ऑस्ट्रिया देशात वॅटन्स या गावी कारखाना काढला. यंत्र आले तसे हजारो खडे एकसारखे निघू लागले आणि गरिबाच्या हातीही आले.

धातू कशाला हवा?

आरसा आठवा. पुढे काच असते. मागे धातूचा पातळ थर असतो. थर खरवडला तर आरसा राहत नाही, साधी काच उरते. खड्याचेही तसेच आहे. काचेत शिरलेला पुष्कळसा उजेड मागून निसटून जातो. तो परत फिरवायला खड्याच्या पाठीला धातू लावतात. अठराव्या शतकात पॅरिस शहरात श्ट्रास नावाचा जवाहिऱ्या होता. पाठीला धातू लावलेल्या काचेच्या खड्यांबद्दल तो नावाजला. आजही युरोपात अशा खड्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडचे जडावाचे कारागीरही खड्याखाली चकचकीत वर्ख घालून मग कोंदण बंद करीत आले आहेत.

दुसरा प्रकार नवा आहे. यात धातू खड्याच्या दर्शनी बाजूवरही चढवतात. तो कसा चढवतात?

भात शिजताना झाकण काढून पाहा. आतून पाण्याचे थेंब बसलेले असतात. पाण्याची वाफ झाली आणि ती झाकणावर बसली. धातूचीही वाफ होते, पण त्याला फार उष्णता लागते. खडे एका बंद पेटीत ठेवतात. पेटीतली हवा यंत्राने ओढून काढतात. मग धातू तापवून त्याची वाफ करतात. ती वाफ खड्यांवर बसते. हा थर किती पातळ असतो? आपल्या केसाच्या जाडीचे शेकडो भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतका!

एवढ्या पातळ थराने रंग कसे दिसतात? पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडले की इंद्रधनुष्य दिसते. तेलाला असे रंग नसतात. थोडा उजेड तेलाच्या वरच्या बाजूवरून परत फिरतो. थोडा खालच्या बाजूवरून फिरतो. हे दोन उजेड एकमेकांत मिसळतात. काही रंग वाढतात, काही मावळतात. खड्यावरच्या थराचेही तसेच होते. म्हणून खडा फिरवला की रंग बदलतो.

१९५६ साली स्वारोव्स्कीच्या कारखान्याने, पॅरिसचा कपड्यांचा कारागीर ख्रिश्चन दिओर याच्यासाठी, असे इंद्रधनुषी खडे काढले. पुढे खऱ्या स्फटिकावरही हे काम होऊ लागले. स्फटिकावर सोन्याची वाफ बसवली की तो आकाशी निळा दिसतो. टायटॅनियम नावाच्या धातूने मोरपिशी रंग येतात. सोने पिवळे आणि खडा निळा! कारण हा रंग सोन्याचा नाही. तो पातळ थराचा आहे.

कल्हईवरून ओळखा

कल्हईवाला पितळेचे भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो. भांडे चांदीसारखे उजळते. पण आत भांडे पितळेचेच असते. घासून घासून कल्हई उडते. धातूचा थर दिलेल्या खड्याचे असेच आहे. कल्हई उडाली तर पुन्हा करता येते. खड्याचा थर उडाला, तर घरी किंवा सोनाराकडे तो पुन्हा चढत नाही.

थर का उडतो? फ्रिडरिक मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली टणकपणाची एक शिडी केली. तिच्यात हिरा १० व्या पायरीवर आहे. गारगोटी ७ व्या पायरीवर. साधी काच साडेपाचच्या आसपास. आता घरातल्या धुळीत काय असते? बारीक वाळू. आणि वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचा चुरा. म्हणजे धूळ काचेपेक्षा टणक! धुळीचा खडा कोरड्या फडक्याने पुसला की त्यावर ओरखडे पडतात. पैलूंच्या कडा आधी झिजतात. तिथला रंग जातो आणि आतली पांढरी काच दिसू लागते.

मास्तर, हा खडा खरा की खोटा?

असे पुष्कळजणी विचारतात. मी म्हणतो, "बाई, प्रश्न जरा बदलून विचारा. हा खडा कशाचा आहे, आणि तो कोणत्या नावाने विकतात?" काचेचा खडा काच म्हणून घेतला, तर त्यात खोटे काहीच नाही. तो हौसेने घाला. काच नीलम म्हणून विकली, तिथे खोटे आले.

घरबसल्या इतके पाहता येते:

१. भिंग घ्या. पैलूंच्या कडा पाहा. कडेला रंग उडून पांढरी रेघ दिसली, तर रंग वरचा आहे.

२. आत बारीक गोल बुडबुडे दिसले, तर ती बहुधा काच आहे.

३. खडा गालाला लावा. स्फटिक अधिक गार लागतो आणि सावकाश ऊब धरतो. काच लवकर कोमट होते.

४. खडा उलटा करा. पाठीला चंदेरी किंवा सोनेरी थर असेल, तर चमक त्या थराची आहे.

या खुणांनी शंका येते. खात्री होत नाही. रक्कम मोठी असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखला मागा. दुसऱ्याच्या खड्यावर ओरखडा काढून मात्र पाहू नका.

आणखी एक गोष्ट. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कचा छाप असतो. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून त्यात सहा अक्षर-आकड्यांची खूण लागते. पण हा छाप सोन्याच्या शुद्धतेचा आहे. तो खड्याची हमी देत नाही. म्हणून बिलावर सोन्याचे वजन वेगळे आणि खड्याचे वजन वेगळे लिहून घ्या. खडा कशाचा, त्यावर थर आहे का, हेही लिहून घ्या. खड्याचे वजन कॅरेटमध्ये सांगतात. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. दारावर येऊन "जुना दागिना द्या, रत्नाचा नवा घ्या" असे कोणी म्हणाले, तर दार लावून घ्या. दुकानात फसगत झाली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल असेल तर तक्रारीला बळ येते. म्हणून तर वाचायला शिकायचे!

घरी दागिने करणाऱ्या बहिणींसाठी

कोपर हे डोंबिवलीचे खाडीकाठचे गाव. आता ते शहरात मिसळले. कोपर स्टेशनात खालून मुंबई–कल्याण गाड्या जातात, वरून दिवा–वसई गाड्या जातात. गाडीने मुंबई गाठली की भुलेश्वरचा बाजार जवळ. तिथे खडे, मणी, तारा, हुक सारे मिळते. घरकाम आटोपून कुड्या, झुमके, माळा करणे जमण्यासारखे आहे. पूर्वी पटवेकरी मणी गुंफून देत. तेच काम आता कितीतरी बायका घरी करतात.

पण हिशेब आधी करा. समजा, एका बाईला १२ जोड्या कुड्या करायच्या आहेत. एका जोडीला २ खडे, म्हणजे २४ खडे. हाताळताना दोनावर ओरखडे पडतील असे धरून तिने २६ घेतले. एक खडा १० रुपयांना धरू.

खडे: २६० रुपये
हुक, तार, कड्या: १०० रुपये
डब्या: ६० रुपये
जाणे-येणे: ६० रुपये
एकूण: ४८० रुपये

४८० भागिले १२. एका जोडीला ४० रुपये खर्च आला. आता तिने जोडी ५० रुपयांना विकली. जोडीमागे १० रुपये सुटले. १२ जोड्यांचे १२० रुपये. काम झाले ६ तास. म्हणजे तासाला २० रुपये! ७५ रुपयांना विकली असती, तर जोडीमागे ३५, एकूण ४२० रुपये, तासाला ७० रुपये. पुष्कळजणी खड्यांचे पैसे मोजतात, आपले हात मोजत नाहीत. आपले कष्ट फुकटचे नाहीत.

आता गिऱ्हाईक विचारील, "कशाचा खडा आहे ग?" सरळ सांगा, "काचेचा आहे. वर धातूचा थर आहे. जपून वापरलात तर रंग टिकेल." खरे सांगितल्याने एखादी बाई घेणार नाही. पण जी घेईल, ती पुन्हा येईल. स्फटिक म्हणून विकले आणि चार महिन्यांत रंग उडाला, तर ती साऱ्या आळीत सांगेल. भांडवल पुन्हा जमवता येते. गेलेला विश्वास जमवायला फार दिवस लागतात.

हे ध्यानात धरा

खडा आधी पाण्याने विसळा, मग मऊ ओल्या फडक्याने टिपा. राख, चिंच, लिंबू, ब्रश लावू नका. पाठीला वर्ख असलेला खडा मात्र पाण्यात बुडवू नका. साजशृंगार, अत्तर आधी, दागिना शेवटी. दागिने एकमेकांवर टाकू नका, वेगवेगळ्या पुरचुंडीत ठेवा. डाग लावायला सोनाराकडे द्याल, तेव्हा खड्यावर थर आहे हे आधी सांगा. आचेने थर बिघडतो. हलक्या धातूच्या हुकाने कान खाजू लागला, तर दागिना लगेच काढा. काही धातूंत निकेल असते, ते पुष्कळांना सोसत नाही. काही काचेत शिसे असते. म्हणून खडे तान्ह्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

प्रश्न

१. क्रिस्टल हा शब्द बाजारात कोणत्या दोन वस्तूंना लावतात?
२. तेलाच्या डबक्यात रंग कसे दिसतात?
३. कोरड्या फडक्याने खडा का पुसू नये?
४. हॉलमार्क कशाची हमी देतो? कशाची देत नाही?
५. वरच्या हिशेबातली बाई जोडी ६० रुपयांना विकील, तर तिला तासाला किती रुपये सुटतील? करून पाहा.
६. तुमच्या घरातला एक खड्याचा दागिना घ्या. चार खुणा लावून पाहा. काय दिसले ते तीन ओळींत लिहा.