लेकरू खरं बोलतं तेव्हा

आजचे वाचन : दासबोध, दशक 2, समास 1 (मूर्खलक्षण)

दासबोधातल्या 200 समासांपैकी हा समास वाचताना आधी हसू येतं आणि मग हळूच वाटतं, अरे, हे तर आपल्याबद्दलच आहे! स्वतःची स्तुती स्वतःच करणारा आणि वाडवडिलांचा मोठेपणा सांगत बसणारा, दोघेही समर्थांच्या यादीत मूर्खच. असं तोंडावर सांगणारं आपल्या घरात कोण असतं? आपलं लेकरू.

समजा, आपण साताऱ्याहून सांगलीला मावशीकडे गेलो. सोबत कंदी पेढे. आपण म्हणतो, "खास तुमच्यासाठी आणलेत." तेवढ्यात पाच वर्षांचं पोरगं भडंग खाता खाता सांगून मोकळं होतं, "नाही काही! हे आम्हाला कुणीतरी दिलेले. घरात कुणी खात नाही म्हणून आणले." सगळे हसतात. आपण मात्र डोळे वटारतो.

पोराचं काय चुकलं? पेढे देण्यात वाईट काहीच नव्हतं. 'खास' हा शब्द तेवढा जास्तीचा होता, आणि पोरानं नेमका तोच काढून टाकला. यावर त्याला रागावलं तर ते एकच शिकेल : खरं बोललं की ओरडा बसतो.

इथे संत नामदेवांची गोष्ट आठवते. परंपरा सांगते, गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. भावंडांत धाकटी असलेल्या मुक्ताबाईने थापटणं पाहून विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, काका म्हणाले. मग आमचीही परीक्षा घ्या की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले आणि मडकं कच्चं ठरलं. त्यांना ते फार लागलं. विठ्ठलापाशी गाऱ्हाणं नेलं. पण शेवटी त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केलं. ज्या शब्दाने अपमान वाटला, त्यानेच पुढची वाट दाखवली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लवकर पटावं. टेस्टरने चूक दाखवली म्हणजे ती त्याने केली असं नसतं. थापटण्याने मडकं कच्चं होत नाही, कच्चं आहे ते फक्त कळतं.

मग पोरांना काहीच शिकवायचं नाही का? मर्यादा जरूर शिकवायची. अंघोळ करून तसंच अंगणात पळणाऱ्या पोराला आपण टॉवेल गुंडाळतो, त्यासाठी त्याला चारचौघांत लाजवावं लागत नाही. बोलण्याचंही तसंच. आजोबांची कवळी पाहुण्यांना दाखवायची नाही, आजोबांना वाईट वाटतं, एवढं लेकराला कळतं. पण "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" ही मर्यादा नव्हे. गप्प राहायला शिकवणं वेगळं, खोटं बोलायला शिकवणं वेगळं.

आणि विनय? तो सांगून येत नाही, बघून येतो. समर्थांच्या 11 मारुतींपैकी 7 सातारा जिल्ह्यात, तर शिराळा आणि बहे हे 2 सांगली जिल्ह्यात. चाफळला तर एवढा बलवान मारुती रामापुढे हात जोडून उभा आहे. पोरांना तिथे जरूर न्यावं. पण त्याआधी घरात पोरानं आपली चूक दाखवली की "बरोबर आहे बाळा तुझं" एवढं म्हणता यावं.

आजचा संकल्प : लेकराच्या खऱ्या बोलण्यावर आज डोळे वटारायचे नाहीत.

जय जय रघुवीर समर्थ!