घरच्या कुंडींतील नागवेल

ज्यांच्या घराण्यांत पानमळा पिढीजात चालत आलेला आहे, त्यांच्याहि ओसरीवरील कुंडींत नागवेल वर्षभर तग धरीत नाहीं, असें पुष्कळदां दृष्टीस पडतें. याचें कारण बहुधा हेळसांड नसून अतिदक्षता होय. म्हणून या वेलीच्या घरगुती जोपासनेसंबंधानें आम्ही येथें थोडें लिहीत आहों.

नागवेल मूळची आग्नेय आशियांतील दमट प्रदेशाची. तिला सावली, ओलसर हवा व चढावयास आधार हीं अवश्य लागतात. मळ्यांत शेवरी, शेवगा, हादगा व पांगारा यांची योजना याचसाठीं असते. घरीं कुंडी पूर्वेच्या बाजूस ठेवावी. म्हणजे सकाळचें कोवळें ऊन मिळून दुपारची झळ टळते. आधारास काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी, कारण गुळगुळीत बांबूवर पेरांचीं मुळें नीट चिकटत नाहींत.

कुंडी सुमारें १२ इंच खोल व बुडाशीं भोंक असलेली घ्यावी. भोंकावर खापरी ठेवून २ भाग पोयटा, १ भाग वाळू व १ भाग पूर्ण कुजलेलें शेणखत भरावें. पावसाळ्याच्या आरंभीं निरोगी वेलीच्या शेंड्याकडील ३ ते ४ डोळ्यांचें बेणें घेऊन त्यांतील २ डोळे मातींत पुरावे.

आतां मुख्य गोष्ट पाण्याची. माती सुकली असतां पानें कोमेजतात. परंतु मुळें कुजलीं असतांहि तीं तशींच कोमेजतात, कारण कुजलेल्या मुळांस पाणी ओढतां येत नाहीं. हा भेद न जाणतां लोक आणखी पाणी घालतात व वेल हातची जाते. यास्तव प्रथम बोटाचें एक पेर मातींत खुपसून पाहावें. माती कोरडी लागल्यास पाणी द्यावें. ओली लागल्यास पाणी थांबवून भोंक मोकळें करावें.

जमिनीलगतचा बुंधा काळा पडून मऊ झाला असल्यास मर रोग समजावा. त्याचा सूक्ष्म जीव मातींत टिकतो व वाहत्या पाण्याबरोबर पसरतो. अशी वेल जाळून टाकावी आणि कुंडींतील माती मळ्यापासून दूर खड्ड्यांत पुरावी. ती उकिरड्यावर टाकल्यास खताबरोबर मळ्यांत जाऊन उभें पीक धोक्यांत येईल. रोगट मळ्यांतील बेणेंहि घरीं लावूं नये.

घरचें पान विड्यासाठीं खुडावयाचें असतें. म्हणून त्यावर औषध फवारूं नये. वेल काठीच्या टोकास पोंचली म्हणजे मळ्यांतल्याप्रमाणें ती उतरवावी व खालच्या पानें नसलेल्या भागाचें वेटोळें करून मातींत दाबावें. तेथें नवीं मुळें फुटून वेल पुन्हां जोमानें चढते.