दिसते तशी वाट!

‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) या मोबाईलवरील खेळात राजकन्या आयडा निःशब्द, रंगीत मनोऱ्यांतून वाट काढते. मनोऱ्याचा भाग फिरवला, की एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वाटा पडद्यावर जुळतात आणि ती खुशाल पलीकडे जाते! हे कसे?

एक सुसम षट्‌कोन काढा. मध्यबिंदूपासून एकाआड एक शिरोबिंदूंपर्यंत तीन रेषा ओढा. घन दिसू लागेल. त्याचा सर्वांत जवळचा कोपरा व मागे दडलेला सर्वांत दूरचा कोपरा, दोन्ही त्याच मध्यबिंदूवर येतात. कोणता बिंदू किती दूर, हे सपाट चित्र सांगत नाही. ते मेंदू अंदाजाने ठरवतो. पेनरोज पितापुत्रांचा १९५८ मधील ‘अशक्य त्रिकोण’ हाच अंदाज चुकवतो.

खेळात दिसते ते खरे ठरते, हीच त्याची गोडी. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते, बरे का!