वाहनखर्च आणि वैद्यव्यवसाय : आयकरात वजावट कशी व किती?

रुग्णाच्या घरी जाऊन तपासणी करणे, आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बसणे, औषधनिर्मात्यांकडून माल आणणे, अशा कामांसाठी आज बहुतेक वैद्यांना व औषधालयचालकांना स्वतःचे वाहन आवश्यक झाले आहे. त्यावरील खर्चही वर्षाकाठी लहान राहिलेला नाही. तथापि या खर्चाची वजावट मागताना आपल्या व्यवसायबंधूंकडून दोन टोकाच्या चुका होतात. काही जण काहीच मागत नाहीत, तर काही जण कुटुंबाच्या सहलीचे पेट्रोलही दवाखान्याच्या खात्यावर टाकतात. प्रस्तुत लेखात या विषयाचे व्यवहार्य विवेचन करण्याचा प्रयत्न आहे.

मूळ तत्त्व

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ३७(१) नुसार जो खर्च पूर्णतः व केवळ व्यवसायासाठी झाला असेल, त्याचीच वजावट मिळते. वाहन घरी व व्यवसायात दोन्हीकडे वापरले जात असल्यास कलम ३८(२) प्रमाणे व्यवसायाच्या वाट्याचा रास्त हिस्साच मान्य होतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मूळ तत्त्व मात्र तेच आहे.

प्रथम आपली पद्धत ओळखावी

वजावटीचा विचार करण्यापूर्वी आपण विवरणपत्र कोणत्या पद्धतीने भरतो, हे पाहिले पाहिजे. वार्षिक प्राप्ती ५० लाख रुपयांपर्यंत (रोख प्राप्ती ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत) असलेल्या वैद्यास अनुमानित उत्पन्नाची पद्धत स्वीकारता येते. जुन्या कायद्यात ती कलम ४४एडीए मध्ये होती. तीत प्राप्तीच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न धरली जाते आणि उरलेल्या भागात सर्व खर्च व घसारा आलाच, असे मानले जाते. त्यामुळे वाहनखर्च वेगळा मागता येत नाही.

येथेच अनेकांची फसगत होते. ‘गाडी घ्या, कर वाचेल’ असे कोणी सांगते आणि दिवाळीच्या मुहूर्तावर कर्ज काढून मोटार घेतली जाते. परंतु २० लाख प्राप्ती असलेल्या व या पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्या वैद्याचे उत्पन्न गाडीपूर्वी १० लाख धरले जात होते, तसे गाडीनंतरही १० लाखच धरले जाते. कर एक रुपयानेही कमी होत नाही. उलट, प्रत्यक्ष खर्च खरोखरच प्राप्तीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर नियमित हिशेब ठेवून कमी उत्पन्न दाखवता येते. मात्र एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. त्याचा खर्च व श्रम विचारात घेऊनच हा निर्णय करावा.

कोणता खर्च धरावा?

नियमित हिशेब ठेवणाऱ्यांना इंधन, देखभाल-दुरुस्ती, विमा, चालकाचा पगार, कर्जावरील व्याज व घसारा धरता येतो. हप्त्यातील मुद्दलाची रक्कम खर्च नव्हे. केवळ व्याज धरावे. वाहतूक नियमभंगाचा दंडही वजा होत नाही. मोटारीवरील घसाऱ्याचा दर जुन्या कायद्याखाली घटत्या मूल्यावर १५ टक्के होता. खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असल्यास त्याच्या निम्मा. दिवाळीत घेतलेल्या गाडीस त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, तो यामुळेच.

उदाहरण : वर्षारंभी घेतलेल्या मोटारीची किंमत ८,००,००० रुपये, घसारा १,२०,०००. पेट्रोल ९६,०००, दुरुस्ती १८,०००, विमा १६,००० व व्याज ५०,०००. एकूण ३,००,००० रुपये. वर्षभरात गाडी १२,००० किलोमीटर चालली, त्यांपैकी ७,२०० व्यवसायासाठी, म्हणजे ६० टक्के. मिळणारी वजावट १,८०,००० रुपये.

नोंद हाच पुरावा

वरील ६० टक्के आले कोठून, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. पंपावरची पावती पेट्रोल भरल्याचे सांगते, ते कोठे जाळले हे सांगत नाही. म्हणून गाडीत एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, ठिकाण, कामाचे कारण आणि आरंभीचे व अखेरचे किलोमीटर लिहावेत. १९६२ च्या नियमांतील नमुना ३सी ही दैनंदिन रुग्णनोंदवही वैद्य-हकिमांनाही लागू होती. तीत सेवेचे स्वरूप लिहिण्याचा रकाना आहे. घरी जाऊन रुग्ण तपासला असेल, तर त्या दिवशी दोन्ही वह्यांची साक्ष जुळली पाहिजे. वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली वही कोणालाही पटत नाही. घर ते दवाखाना ही नित्याची ये-जा खाजगी धरणेच सुरक्षित होय.

दुरुस्तीचे मोठे बिल रोखीने देऊ नये. एका दिवसात एका व्यक्तीस १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च अमान्य होतो. गाडीच्या खरेदीतही हाच नियम लक्षात ठेवावा.

औषधालयचालकांसाठी

वस्तू व सेवा कर कायद्यानुसार चालकासह १३ जणांपर्यंत आसनक्षमता असलेल्या प्रवासी मोटारीवरील कराचे क्रेडिट सामान्यतः मिळत नाही. मालवाहू टेम्पोवर ते मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास मात्र नाही. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. भागीदारी पेढी असल्यास वाहन शक्यतो पेढीच्या नावे घेऊन ताळेबंदात दाखवावे.

समारोप

वाहन गरजेसाठी घ्यावे, कर वाचवण्यासाठी नव्हे. गरजेने घेतलेल्या वाहनाचा रास्त हिस्सा मागण्यात संकोच नको, आणि त्याहून अधिकाचा मोहही नको. रुग्णाच्या प्रत्येक भेटीची नोंद आपण ठेवतोच. गाडीच्या प्रत्येक फेरीची तशीच नोंद ठेवावी. आपल्या विशिष्ट परिस्थितीबाबत विवरणपत्र भरण्यापूर्वी करसल्लागाराशी अवश्य विचारविनिमय करावा.