आयती टूलचेन : सोय आणि अटी

घरातील राउटर, दूरचित्रवाणीचा संच, कारखान्यातील नियंत्रक यांसारख्या कित्येक वस्तूंच्या अंतरंगात आज एक छोटा संगणक बसविलेला असतो. अशा संगणकास अंतःस्थापित संगणक म्हणतात. त्यांपैकी पुष्कळांचा कारभार लिनक्स या प्रणालीवर चालतो. या प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवला. अंतःस्थापित संगणकाची स्मृती व शक्ती बेताचीच असते. म्हणून त्याच्या आज्ञावल्या त्याच्यावर तयार न करता एखाद्या मोठ्या संगणकावर तयार करण्याचा प्रघात आहे.

येथे एक अडचण उभी राहते. प्रत्येक घराण्याच्या प्रोसेसरची यंत्रभाषा निराळी असते. टेबलावरील संगणकाचा प्रोसेसर पुष्कळदा इंटेल पद्धतीचा, तर उपकरणातील प्रोसेसर आर्म पद्धतीचा असतो. सी भाषेत लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. जो कंपायलर एका जातीच्या यंत्रावर चालतो, परंतु दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी रूपांतर करतो, त्यास क्रॉस-कंपायलर असे नाव आहे. गिऱ्हाईक समोर नसताना केवळ मापांवरून अंगरखा शिवणाऱ्या शिंप्यासारखे त्याचे काम असते. माप चुकले असेल, तर ते शिवताना कळत नाही. अंगात घालताना कळते.

टूलचेनचे घटक

कंपायलर एकट्याने काम पुरे करू शकत नाही. त्याच्या जोडीला यंत्रसंकेत बनविणारा असेंब्लर आणि निरनिराळे भाग एकत्र सांधणारा लिंकर ही साधने लागतात. सर्व आज्ञावल्यांना वारंवार लागणाऱ्या कार्यांचा संग्रह, म्हणजे सी-लायब्ररी, हीदेखील हवी. ग्लिबसी, मसल व यूसीलिबसी-एनजी हे तिचे परिचित प्रकार होत. शेवटचा घटक म्हणजे कर्नलच्या हेडर फाइली. कर्नलकडे कोणती सेवा कोणत्या रीतीने मागावी, हे त्यांत नमूद केलेले असते. या सर्वांच्या समुच्चयास टूलचेन म्हणतात. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला जीसीसी हा कंपायलर आजही अनेक टूलचेनांचा कणा आहे.

घरची की बाहेरची?

उपकरणासाठी लागणारी संपूर्ण लिनक्स प्रणाली मूळ मजकुरापासून बांधून देणाऱ्या योजनेस बांधणीप्रणाली म्हणतात. बिल्डरूट ही अशीच एक प्रणाली असून तिचा आरंभ २००१ साली झाला. बिल्डरूट टूलचेन दोन मार्गांनी मिळविते. पहिल्या मार्गात ती टूलचेन स्वतःच घडविते. यात प्रत्येक घटक आपल्या मनाजोगा निवडता येतो. परंतु कंपायलर घडविणे हे वेळखाऊ काम असते, आणि सर्व पुसून नव्याने बांधणी करावयाची झाल्यास तेही पुन्हा करावे लागते. दुसऱ्या मार्गात इतरांनी आधी घडविलेली व पारखलेली टूलचेन जशीच्या तशी वापरली जाते. हिला बाह्य टूलचेन म्हणतात. यात वेळ वाचतो, आणि अनेकांच्या वापरातून तावून सुलाखून निघालेले साधन हाती येते.

मात्र आयत्या वस्तूबरोबर तिच्या अटीही येतात. टूलचेन घडविताना जे निर्णय घेतले गेले, ते तिच्यात कायमचे मुरलेले असतात. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला निर्णय कर्नल-हेडरच्या आवृत्तीचा. ही आवृत्ती उपकरणावरील कर्नलहून नवी असता कामा नये. अन्यथा जी सेवा त्या कर्नलला ठाऊकच नाही, ती मागितली जाण्याचा संभव असतो. दुसरा निर्णय सी-लायब्ररीच्या प्रकाराचा. कारण एका लायब्ररीसाठी बांधलेली आज्ञावली दुसरीबरोबर चालेलच असे नाही. तिसरा निर्णय प्रोसेसरच्या पिढीचा आणि अपूर्णांकांच्या देवाणघेवाणीच्या संकेताचा.

एक बोधप्रद उदाहरण

हा तिसरा मुद्दा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या इतिहासावरून स्पष्ट होईल. २०१२ साली विक्रीस आलेल्या या संगणकाचा प्रोसेसर आर्मच्या सहाव्या पिढीचा होता. अपूर्णांकांची गणिते करणारा स्वतंत्र भाग त्यात होता. या भागाचा पूर्ण लाभ देणारा संकेत हार्ड-फ्लोट या नावाने ओळखला जातो. परंतु डेबियन या लिनक्स-वितरणाची हार्ड-फ्लोट आवृत्ती सातव्या पिढीपासून पुढील प्रोसेसरांसाठी बांधलेली होती. त्यामुळे ती या संगणकावर चालेना. अखेरीस स्वयंसेवकांनी डेबियनमधील हजारो आज्ञावल्या सहाव्या पिढीसाठी पुन्हा बांधल्या आणि त्यातून रास्पबियन हे वितरण उभे राहिले.

आता असे समजू की, सातव्या पिढीसाठी घडविलेली टूलचेन घेऊन कोणी या संगणकासाठी आज्ञावली बांधली, आणि सहाव्या पिढीचा संकेत काढावा असे कंपायलरला स्पष्ट बजावलेही. आज्ञावली निर्वेधपणे बांधली जाईल. उपकरणावर मात्र ‘अवैध आज्ञा’ असा दोष दाखवून ती थांबेल. याचे कारण असे की, कंपायलरला दिलेली सूचना आज रूपांतरित होणाऱ्या मजकुरालाच लागू पडते. टूलचेनमधील सी-लायब्ररी पूर्वीच सातव्या पिढीसाठी रूपांतरित झालेली असते. तिच्यावर या सूचनेचा काहीही परिणाम होत नाही.

पडताळणी

म्हणूनच बिल्डरूट बाह्य टूलचेनवर डोळे झाकून विश्वास ठेवीत नाही. हेडरची आवृत्ती, सी-लायब्ररीचा प्रकार, सी++ची सोय इत्यादी माहिती ती वापरणाऱ्याकडून मागते, प्रत्यक्ष टूलचेनशी ताडून पाहते, आणि विसंगती आढळल्यास काम थांबविते. त्यानंतर लायब्ररी व हेडर फाइली ती आपल्या स्वतंत्र कप्प्यात उतरवून घेते. कंपायलरभोवती ती एक आवरणही घालते. यजमान संगणकाच्या लायब्ररी चुकून उपकरणाच्या आज्ञावलीत मिसळू नयेत, हा या आवरणाचा एक हेतू असतो. याच कारणास्तव वितरणाबरोबर आलेला कंपायलर येथे चालत नाही. त्याच्या भोवती इतर अनेक लायब्ररींचा गोतावळा असतो.

आयत्या टूलचेनमध्ये दोष निघाला, तर तो दुरुस्त करणे सहसा आपल्या हाती नसते. उपकरण मात्र अनेक वर्षे सेवेत राहावयाचे असते. यावर एक मध्यम मार्ग आहे. बिल्डरूट किंवा क्रॉसटूल-एनजी या साधनाच्या साहाय्याने आपल्या मापाची टूलचेन एकदाच घडवावी, तिची आवृत्ती व निवडलेले पर्याय नोंदवून ठेवावेत, आणि पुढील बांधणीत तीच बाह्य टूलचेन म्हणून वापरावी. अशाने वेळही वाचतो आणि दुरुस्तीची किल्लीही आपल्याजवळच राहते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. टूलचेनचे घटक सांगून प्रत्येकाचे कार्य लिहा.
२. कर्नल-हेडरची आवृत्ती उपकरणावरील कर्नलहून जुनी असल्यास चालते, नवी असल्यास चालत नाही. असे का?
३. कंपायलरला योग्य सूचना देऊनही आज्ञावली उपकरणावर बंद का पडू शकते?